‘एकच प्याला’तील पदांचे कर्तृत्व

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या ‘एकच प्याला’ या अत्यंत लोकप्रिय नाटकातील पदे त्यांची नाहीत, याची जाणीव अनेकांस नसते. ती पदे गडकऱ्यांचे स्नेही व प्रसिद्ध कथाकार विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली.

दिनांक २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी निवर्तले. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदांच्या चाली सुंदराबाईंच्या होत्या. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. नाटककारास मात्र तो प्रयोग पाहता आला नाही.

प्रेक्षकांच्या मनात सिंधू ठसली ती संवादांइतकीच पदांमुळे. संवादांतील सिंधू गडकऱ्यांची. गाणाऱ्या सिंधूच्या घडणीत गुर्जर, सुंदराबाई आणि बालगंधर्व यांचाही वाटा आहे. म्हणूनच या पदांच्या आधारे गोविंदाग्रजांच्या काव्यशैलीविषयी काढलेली अनुमाने निराधार ठरतात. गडकऱ्यांच्या थोरवीस यामुळे बाध येत नाही. तथापि संगीत नाटकाचे परीक्षण करताना गद्य आणि पदे यांचे कर्तृत्व पृथकपणे निश्चित करणे अवश्य आहे. एरवी एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी पडते आणि वाङ्मयेतिहास तितक्यापुरता असत्य होतो.