डिंडोलीहून एका दिवसात कुठे जाल? समुद्र, डांगचे जंगल, उकाई आणि तोरणमाळची माहिती

डिंडोली (सुरत) : डिंडोली, नवागाम, उधना, लिंबायत या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेली हजारो खान्देशी कुटुंबे राहतात. कुणी लूम्सवर, कुणी मिलमध्ये, कुणी मार्केटमध्ये कामाला. सुट्टी म्हटली की एक तर गावाकडचे लग्न, नाहीतर घरीच आराम. मधल्या मधे मुलांना कुठे न्यायचे हा प्रश्न दर सुट्टीत येतो. गावाकडून पाहुणे आले की तोच प्रश्न पुन्हा. खरे तर डिंडोलीपासून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशी निसर्गाची चांगली ठिकाणे चारही दिशांना आहेत. फक्त कोणत्या ठिकाणी कधी जायचे आणि कुठे सांभाळायचे, हे आधी माहीत हवे.

समुद्र : डुमस, दांडी, तीथल

सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे डुमस. डिंडोलीपासून सुमारे २० किलोमीटर. काळी वाळू, घोडे-उंट आणि गरमागरम भजी. संध्याकाळी दोन-तीन तासांत जाऊन येता येते. पण डुमस हा पोहायचा समुद्र नाही. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे इथे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. ओहोटीला पाणी फार लांब जाते, किनारा सपाट असल्यामुळे लोक चालत आत जातात, आणि भरती सुरू झाली की पाणी भराभर मागे येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते. चिखलात गाडी रुतल्याच्या घटनाही इथे नव्या नाहीत. खान्देशातल्या माणसाला नदी कळते, समुद्राची सवय नसते. म्हणून पाहुण्यांना नेताना हे आधीच सांगून ठेवावे. हजिऱ्याकडचा सुंवाली किनाराही असाच, तिथेही हाच नियम.

इतिहासाची आवड असेल तर दांडी. रेल्वेने नवसारी, तिथून बस किंवा रिक्षा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी इथे मीठ उचलून कायदा मोडला. मिठाच्या सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक इथे २०१९ मध्ये खुले झाले. शाळकरी मुलांसाठी ही सहल उपयोगाची आहे.

तीथल हे वलसाडपासून ५ किलोमीटरच्या आसपास. सुरत ते वलसाड रेल्वेने साधारण ७० किलोमीटर. साईबाबा आणि स्वामीनारायण मंदिरे किनाऱ्याला लागूनच असल्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ही सहल आवडते.

डांग : उनाई, वघई, गिरा धबधबा, सापुतारा

हिरवळ पाहायची असेल तर डांग जिल्हा. वाटेत उनाईला गरम पाण्याचे कुंड आणि उनाई मातेचे मंदिर आहे. रामायणाच्या काळातली कथा या कुंडाशी जोडलेली आहे. पुढे वांसदा राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र जेमतेम २४ चौरस किलोमीटर, पण सागवान आणि बांबूचे दाट जंगल. आहव्याच्या बाजूला पूर्णा अभयारण्य १६० चौरस किलोमीटरचे असून तिथल्या महाल येथे वनखात्याचे कॅम्प साइट आहे. दोन्ही ठिकाणी पावसाळ्यात प्रवेशावर बंधने असू शकतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी.

वघईचे बोटॅनिकल गार्डन सुमारे २४ हेक्टरवर पसरले आहे. बांबूचे अनेक प्रकार एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. तिथून ३-४ किलोमीटरवर गिरा धबधबा. जुलै ते ऑक्टोबर हा त्याचा खरा मोसम. उन्हाळ्यात गेल्यास नुसते खडक दिसतील.

बिलीमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली. काही काळ बंद राहून २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. गाडी हळू चालते, पण मुलांना तीच मजा वाटते. वेळापत्रक बदलत असते, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावे.

वघईहून घाट चढला की सापुतारा. सुरतेहून अंतर १६० किलोमीटरच्या आसपास. तलावात बोटिंग, सनसेट पॉइंट, रोपवे. ‘सापुतारा’ म्हणजे सापांचे ठिकाण. सर्पगंगेच्या काठी नागाची पूजा होते. गर्दी टाळायची असेल तर शनिवार-रविवार सोडून जावे. पुढे वणीची सप्तशृंगी फार लांब नाही, म्हणून अनेक कुटुंबे गडाचे दर्शन आणि सापुतारा एकाच फेरीत करतात. पण त्यासाठी एक रात्र मुक्काम धरावा. दोन्ही घाट एकाच दिवसात, आणि तेही रात्री उतरून करण्याची घाई नको.

डांगमध्ये गेलेल्या खान्देशी माणसाला तिथली बोली परकी वाटत नाही. डांगी आणि अहिराणीत बरेच शब्द सारखे. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा डांग कोणाकडे जाणार यावर वाद झाला होता. शेवटी तो गुजरातमध्ये राहिला. होळीच्या आधी आहव्याला भरणाऱ्या ‘डांग दरबार’मध्ये आजही पाच भिल्ल राजांना मानाने बोलावून सालियाना दिला जातो. नागलीची भाकरी आणि बांबूचे लोणचे इथे जरूर खावे.

तापीकाठ : सोनगड, उकाई, नवापूर

ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही त्यांच्यासाठी उधना-जळगाव मार्ग सर्वांत सोयीचा. उधना स्टेशनवरून गाडीत बसले की बारडोली, व्यारा करत उकाई-सोनगड. सोनगडचा किल्ला १८व्या शतकात पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे होता; बडोद्याच्या आधी गायकवाडांची राजधानी हीच. चढण फार अवघड नाही, मात्र पाणी सोबत न्यावे.

उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली गुजरातबरोबरच महाराष्ट्रातल्या नवापूर भागातली गावेही गेली. ऑगस्ट २००६ मध्ये याच धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, हे जुन्या लोकांना अजून आठवते. धरणावर प्रत्यक्ष जाता येते का, याची चौकशी आधी करावी.

त्याच मार्गावर पुढे नवापूर स्टेशन. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. दोन राज्यांची हद्द दाखवणारा बाक फोटोसाठी प्रसिद्ध आहे.

मुक्कामी सहल : तोरणमाळ

नंदुरबारला रेल्वेने उतरून शहाद्यामार्गे तोरणमाळला जाता येते. सातपुड्यातले हे ठिकाण सुमारे ११४३ मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथ मंदिर ही मुख्य ठिकाणे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. एका दिवसात धावपळ होते, मुक्काम करावा.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

* धबधब्याखाली उतरू नये. समोर ऊन असले तरी वर घाटात पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत वाढते. पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-पाला वाहून येऊ लागला की लगेच बाहेर पडावे.
* कुणी बुडत असेल तर पोहता येत नसताना मागे उडी मारू नये. दोरी, ओढणी, साडी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाकावे आणि ११२ वर फोन करावा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडतात, ते याच चुकीने.
* पावसाळ्यात प्रशासन अनेक ठिकाणी पाण्यात उतरण्यास बंदी घालते. फलक असेल तर तो पाळावा.
* घाटात मोटारसायकलवर तिघे-चौघे बसू नये. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. ब्रेक तापून निकामी होतात. कमी गिअरमध्येच उतरावे.
* गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नंदुरबार-नवापूरकडून परतताना ‘एकच बाटली’ सुद्धा गुन्हा ठरते. गाडीतल्या एकाने आणली तरी सगळ्यांचा दिवस पोलीस ठाण्यात जातो.
* जंगलात प्लास्टिक टाकू नये, माकडांना खायला देऊ नये.

खर्चाचा विचार केला तर चार माणसांच्या कुटुंबाला रेल्वेने सोनगड किंवा नवसारी-दांडी सर्वांत परवडते. डांगसाठी दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी केली तर भाडे वाटले जाते. घरून भाकरी-ठेचा, पाण्याचा जार आणि मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड घेतला की बाहेरचा खर्च निम्म्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पाळी असेल तर दुपारी चारनंतर परतीला लागावे, म्हणजे घाट उजेडात उतरतो आणि झोपही पुरी होते.