कूलंटच्या बाटलीचा मागोवा

रेडिएटर फ्लश करून आणलेल्या गाडीचं बॉनेट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडावं, तर काल वरच्या रेषेला टेकलेलं कूलंट बाटलीत तळाशी गेलेलं असतं. मालक घाबरतो. मिस्त्रीनं काहीतरी सैल ठेवलं, कुठेतरी गळतंय, असं वाटून तो थेट गॅरेज गाठतो. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. बाटलीनं तिचं काम केलेलं असतं. ते काम कोणतं, हे कळायचं तर ही पांढुरकी प्लास्टिकची बाटली गाडीत आली कशी, ते पाहायला हवं.

पहिल्या मोटारीला आजच्यासारखा रेडिएटरच नव्हता. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं आणि वाफेबरोबर उष्णता निघून जायची. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, शंभरेक किलोमीटरवर. त्या वाटेत ठिकठिकाणी पाणी भरतच पोहोचल्या.

आपल्याकडे ही पद्धत मोटारीपेक्षा विहिरीवर जास्त रुजली. साताऱ्याच्या कूपरची, 1946 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर बसली. काहींच्या अंगावरच पाण्याची उघडी टाकी, काहींच्या शेजारी ड्रम, आणि बऱ्याच ठिकाणी पंपानं उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनातून फिरवून पुन्हा पाटात सोडलेली. विहीर समोर असताना पाणी राखायचं कारणच नव्हतं. गेलं तर पुन्हा भरायचं, ही सवय आपल्या हाताला तिथेच लागली, असं मला वाटतं. ती अजून सुटलेली नाही.

धावत्या गाडीला मात्र विहीर सोबत नेता येत नाही. विल्हेल्म मायबाखनं 1900-01 च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. तेच तेच पाणी आता फिरून थंड होऊ लागलं. तरी एक प्रश्न उरलाच. तापलं की पाणी फुगतं. नव्वद अंशांपर्यंत तापलेलं पाच लिटर कूलंट पाव लिटरच्या आसपास वाढतं, आणि त्या पाव लिटरला जायला जागा लागते. कित्येक दशकं ती जागा म्हणजे रस्ता होता. रेडिएटरच्या गळ्याशी एक नळी असायची, तिचं तोंड खाली मोकळं. फुगलेलं पाणी तिथून सांडायचं. इंजिन थंड झालं की आतलं पाणी आकसायचं आणि रिकाम्या जागेत हवा शिरायची.

संगमनेरहून पुण्याकडे निघालं की चंदनापुरी घाट चढूनच पठारावर जावं लागतं. रस्ता चौपदरी होण्यापूर्वी या घाटात बॉनेट उघडून थांबलेले ट्रक, जीप, अँबॅसिडर, पद्मिनी नेहमी दिसत. क्लीनर कॅन घेऊन पाणी शोधायला गेलेला, ड्रायव्हर हातात ओलं फडकं घेऊन झाकण सैल व्हायची वाट पाहत उभा. संगमनेर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणजे साधं पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. भरल्या गाडीनं मे महिन्यात घाट चढताना ते दोन अंशही महाग पडतात.

यावरचा उपाय झाकणातच निघाला. असं झाकण हातात घेऊन उलटं करून पाहा. मोठी स्प्रिंग दिसते, तिच्या टोकाला रबरी वायसर, आणि त्या वायसरच्या मधोमध रुपयाहून लहान अशी एक पितळी चकती. नखानं ओढली तर ती हलते आणि सोडली की परत बसते. मोठी स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. झाकणावर 0.9 (बार) लिहिलेलं असेल, तर तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला, की स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं कूलंट नळीवाटे बाहेर पडतं. मधली चकती उलट दिशेनं चालते. इंजिन थंड होऊन आत ओढ तयार झाली, की ती उघडते.

आता फक्त त्या नळीचं टोक रस्त्याऐवजी बाटलीत बुडवायचं बाकी होतं, म्हणजे बाहेर पडलेलं कूलंट त्या चकतीतून परत आत ओढलं जाईल. पाणी फुकट होतं तोवर याची निकड कुणाला वाटली नाही. 1927 मध्ये प्रेस्टोन या नावानं एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं आणि रेडिएटरमधला द्रव विकत घ्यायची वस्तू झाली. ती रस्त्यावर सांडणं परवडणारं नव्हतं. रेनॉनं 1961 च्या रेनॉ 4 मध्ये बंदिस्त शीतन आणि वेगळी बाटली दिली, वारंवार पाणी घालायची कटकट संपवली. आपल्याकडे 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली आणि त्यानंतर ही बाटली घरोघरी ओळखीची झाली.

कूलंटच्या या ये-जेमुळेच फ्लश केल्यानंतरच्या सकाळी पातळी उतरते. जुनं कूलंट काढल्यावर इंजिनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत, हीटरच्या जाळीत हवा अडकते. गार इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे वरून कितीही भरलं तरी ती सगळी निघत नाही. गाडी तापते तेव्हा ती हवा बाटलीतून बुडबुड्यांनी बाहेर पडते. रात्री इंजिन थंड होताना तेवढ्या जागेसाठी बाटलीतलं कूलंट आत ओढलं जातं. चांगला मिस्त्री आधी रेडिएटर गळ्यापर्यंत भरतो, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवतो, बुडबुडे थांबले की पुन्हा भरतो आणि मगच झाकण लावून बाटलीकडे वळतो. तरीही दोन-तीन सकाळी थोडं थोडं घालावं लागतं.

बाटली वरपर्यंत भरून ठेवणारे मला नेहमी भेटतात. वरच्या रेषेवरची मोकळी जागा फुगलेल्या कूलंटसाठी राखलेली असते. ती भरून टाकली की जास्तीचं पुन्हा रस्त्यावरच जातं. याहून फसवी गोष्ट म्हणजे बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. नळीला चीर असेल किंवा झाकणाचं वायसर कडक झालं असेल, तर गाडी कूलंटऐवजी हवा ओढते आणि बाटलीतली पातळी जागची हलत नाही. म्हणून रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल, तर पूर्ण थंड गाडीत ते उघडून एकदा आत पाहावंच. आठवडाभरानंतरही पातळी उतरत राहिली, तर गळती शोधावी. बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आजच्या बऱ्याच गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि दाबाचं झाकण तिच्यावरच असतं. ते गरम गाडीत उघडलं तर हात-तोंड भाजतं.

पातळी भरताना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात, एवढंच घालावं.

फ्लश करताना निघालेलं जुनं कूलंट गटारात, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू त्याला तोंड लावतं आणि मरतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या, आणि गॅरेज ते घेत नसेल तर घेणारं गॅरेज शोधा.