पाण्याचा आयनीभवन स्थिरांक व तापमान

शुद्ध पाण्यातही थोडे रेणू सतत फुटत असतात. एका रेणूतला प्रोटॉन दुसऱ्याकडे जातो, हायड्रोनियम व हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि लगेच पुन्हा जुळतात. या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार म्हणजे पाण्याचा आयनीभवन स्थिरांक. २५° से. ला तो १० च्या −१४ व्या घाताइतका असतो. नावात स्थिरांक असला, तरी तो त्या-त्या तापमानापुरताच स्थिर.

रेणू फुटताना उष्णता शोषली जाते, २५° से. ला दर मोलमागे सुमारे ५६ किलोजूल. त्यामुळे पाणी तापले की आयनीभवन वाढते. २५° च्या तुलनेत ०° से. ला स्थिरांक जेमतेम नववा हिस्सा, ४०° ला जवळजवळ तिप्पट, तर १००° ला सुमारे पन्नासपट भरतो. दोन्ही आयन सारखेच वाढत असल्याने पाणी आम्लधर्मी होत नाही; उदासीनतेचा सामू (पीएच) तेवढा खाली उतरतो. ०° ला तो ७.४७, ४०° ला ६.७७ आणि १००° ला ६.१ च्या आसपास असतो. सुमारे २५०° च्या पुढे मात्र स्थिरांक पुन्हा घटू लागतो, कारण तेवढ्या तापलेल्या पाण्याची आयनांना सांभाळण्याची ताकद कमी होते.

हैदराबादेत मे महिन्यात पारा ४०° पर्यंत सहज जातो. त्या तापमानाच्या पाण्याचा सामू बरोबर ७ भरला, तर ते पाणी किंचित अल्कधर्मी समजावे. ‘७ म्हणजे उदासीन’ हे शाळेतले वाक्य तिथे लागू पडत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच असल्याने पाणी ९८° च्या आसपासच उकळते. किटलीतल्या त्या शुद्ध, उदासीन पाण्याचा सामू पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील ६.५ ते ८.५ या पट्ट्याच्याही खाली येतो! सामूमापीतील तापमान-भरपाई हा घोळ निस्तरत नाही. ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे दर सामू-एककामागे २५° ला ५९.२ आणि ४०° ला ६२.१ मिलिव्होल्ट, जुळवून घेते. आकडा नमुन्याच्या तापमानाचाच राहतो, म्हणून सामूशेजारी तापमान लिहिणे भाग आहे.

शहराच्या औषधनिर्मितीत हाच परिणाम विद्युत्‌वाहकतेत दिसतो. शुद्ध पाण्याची वाहकता २५° ला दर सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. १००° ला ती सुमारे चौदापट होते. आयनांची संख्या सातपट आणि त्यांचा वेग दुप्पट, असा तो हिशेब. जंतू वाढू नयेत म्हणून कारखान्यांत इंजेक्शनसाठीचे पाणी बहुधा गरमच फिरवतात. अमेरिकी औषधकोशाची प्राथमिक वाहकता-मर्यादाही म्हणूनच तापमानागणिक बदलते : २५° ला १.३ आणि ८०° ला २.७ मायक्रोसीमेन्स. या चाचणीत यंत्राची तापमान-भरपाई बंद ठेवावी लागते.