हाताची चव

बंगळुरावर मराठ्यांची सत्ता उणीपुरी पन्नास वर्षे होती. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने ते केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि शहाजीराजांना जहागीर दिले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते जिंकले. पुढे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी तीन लाख रुपये मोजून ते आपल्या राज्याला जोडले. सत्ता गेली, परंतु घराणी राहिली. त्यांच्या घरच्या मराठीत कन्नड मिसळले आणि त्यांच्या चुलीवरही तेच घडले.

विसाव्या शतकात या शहरात मांसाहारी खानावळींना 'मिलिटरी हॉटेल' हे नाव रूढ झाले. त्यांपैकी अनेक मराठा कुटुंबांनी चालविली. जयनगरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यांतील प्रसिद्ध नाव. तेथील बिर्याणी मराठा सैनिकांच्या छावणीतून आली असे सांगतात. ही आख्यायिका होय. इतिहासाचा पुरावा त्या अन्नातच अधिक सापडतो. पानाच्या ज्या खोलगट पात्रात ती वाढतात त्या 'दोन्ने'चे आपल्या द्रोणाशी असलेले नाते कानालाही जाणवते. मात्र भाजल्या कांदा-खोबऱ्याच्या काळपट वाटणाची जागा येथे कोथिंबीर, पुदिना आणि हिरवी मिरची यांनी घेतली आहे. गावरान कोंबडी येथे 'नाटी कोळी' झाली आणि तिच्या रश्श्याशी भाकरीऐवजी नाचणीचा मुद्दा आला.

अशा अनेक स्वयंपाकघरांत आजही लाकूड जळते. गावरान कोंबडीचे मांस चिवट. त्याला दीर्घ, संथ आच लागते. लाकूड आत सारले की जाळ चढतो, मागे ओढले की उतरतो. झाकणावर निखारे ठेवले की वरूनही दम बसतो. मसाल्याचे प्रमाण सांगता येते, लाकूड केव्हा ओढावे हे सांगता येत नाही. ओले सरपण, वारा, भांड्याचा बूड, कोंबडीचे वय यांनुसार ते रोज बदलते. आचारी वाफेचा वास घेतो, रश्श्यावर सुटलेला तवंग पाहतो आणि निर्णय करतो. एकाच वाटणाची दोन भांडी दोन हातांखाली वेगळी होतात, ती येथे. लिहिता न येणाऱ्या माणसाचीही ही स्वाक्षरी असते.

ग्रंथांनी या स्वाक्षरीची नोंद क्वचितच ठेवली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या रीती वर्णिल्या. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बंगळुराहून तंजावरास गेले. त्यांच्याच वंशातील दुसऱ्या सरफोजींच्या नावे 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ आहे. दोन्ही ठिकाणी नाव राजाचे. शिजविणाऱ्याचा हात अनामिक.

त्या हाताने मोजलेली किंमतही अनामिकच राहिली. आज 'चुलीवरचे' हा शब्द पाटीवर मिरवतो. परंतु धुराने चुरचुरणारे डोळे आणि भरलेली छाती ही पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या आणि आचाऱ्यांच्या वाट्याला आली. त्यांनी गॅस स्वीकारला, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार पानावर बसलेल्यास नाही. एवढे मात्र खरे की, ही विद्या जाळाजवळ उभे राहूनच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. शेजारी उभे राहणारे कोणी उरले नाही, तर पाककृती राहील. चव त्या हाताबरोबर जाईल.