पावतीविना कपडे परत करणे

पावतीविना कपडे परत करणे म्हणजे दुकानातून घेतलेला, परंतु मापात न बसलेला, नापसंत ठरलेला किंवा सदोष निघालेला कपडा, खरेदीची पावती जवळ नसताना विक्रेत्याकडे नेऊन त्याऐवजी दुसरा कपडा, क्रेडिट नोट किंवा रक्कम मागणे होय. भारतात या व्यवहाराला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, मालविक्री अधिनियम, १९३० आणि वस्तू व सेवा कर कायदा असे तीन कायदे निरनिराळ्या बाजूंनी लागू होतात. प्रत्यक्षात मात्र बहुतेक प्रकरणे कायद्यापर्यंत न जाता दुकानदार व गिऱ्हाईक यांच्या ओळखीवर मिटतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील रहिवाशांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. येथील रेल्वे ठाणे जिल्ह्यातील बाजारपेठांकडे जाते, तर जिल्हा ग्राहक आयोग समुद्रकाठच्या अलिबाग येथे आहे.

नापसंत कपडा व सदोष कपडा

पावती हरवली म्हणून हक्क गेला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कपडा परत करण्याचा कायदेशीर हक्क मुख्यत्वे कपड्यातील दोषावर अवलंबून असतो, पावतीवर नव्हे. पावती हा खरेदीचा पुरावा आहे. उलट, कपड्यात दोष नसेल तर पक्के बिल हातात असूनही तो परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही. रंग घरी गेल्यावर आवडला नाही, मुलाला सदरा आखूड झाला, तीच साडी बहिणीनेही घेतली, अशा कारणांसाठी कपडा बदलून मिळणे हा दुकानदाराच्या धोरणाचा, विक्रीच्या वेळी दिलेल्या शब्दाचा किंवा रिवाजाचा भाग असतो. मात्र 'आठ दिवसांत बदलून मिळेल' असे दुकानदाराने सांगितले असेल किंवा तशी पाटी लावली असेल, तर तो कराराचा भाग ठरतो व त्याला पाळावा लागतो.

दोष म्हणजे केवळ फाटलेपण नव्हे. पहिल्याच धुण्यात रंग जाणे, शिवण उसवणे, रेशीम म्हणून कृत्रिम धाग्याचे कापड देणे, लिहिलेल्या मापापेक्षा कपडा लहान असणे यांचाही त्यात समावेश होतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ नुसार त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. त्याच कलमात एक अपवाद आहे. ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल ही अट लागू होत नाही. साडी दुकानात पूर्ण उलगडून पाहण्याची जुन्या बायकांची सवय विक्रेत्यांना कंटाळवाणी वाटली तरी तिचा फायदा ग्राहकालाच आहे. मात्र उलगडून पाहिल्यावर दिसणारे भोक नंतर दाखवता येत नाही.

पावतीचे कायद्यातील स्थान

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये पावती न देणे ही स्वतंत्र अनुचित प्रथा मानलेली नव्हती. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत नव्या बाबी घातल्या. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. विकलेल्या मालाचे बिल, कॅश मेमो किंवा पावती न देणे, ही पहिली. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन किंमत परत करण्यास नकार देणे, ही दुसरी. त्यामुळे पावती दिलीच गेली नसेल, तर 'पावती आणा' हे दुकानदाराचे उत्तर त्याच्याच अंगावर येते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलाच्या तळाशी छापलेली ओळ नापसंत कपड्यापुरती चालते. सदोष कपड्याची जबाबदारी तिने टळत नाही.

बाजारात 'कच्ची पावती' व 'पक्के बिल' असा भेद केला जातो. कच्ची पावती म्हणजे कर क्रमांक नसलेली, बहुधा हाताने आकडा लिहिलेली चिठ्ठी. करकायद्याच्या दृष्टीने ती अपुरी असली तरी त्या दुकानातून खरेदी झाली हे दाखवण्यास ती उपयोगी पडते, म्हणून ती टाकून देऊ नये असे ग्राहक कार्यकर्ते सांगतात. वस्तू व सेवा कर कायद्यात नोंदणीकृत विक्रेत्याला २०० रुपयांहून कमी रकमेच्या विक्रीसाठी, ग्राहकाने मागणी केली नाही तर, स्वतंत्र कर-बिल न देण्याची सवलत आहे. या सवलतीचा अर्थ पावती मागितली तरी नाकारता येते, असा होत नाही.

पावती नसताना खरेदी इतर मार्गांनी सिद्ध करता येते. यूपीआय किंवा कार्डाने पैसे दिले असल्यास दिनांक, वेळ, रक्कम व दुकानाचे नाव बँकेच्या नोंदीत राहते. ही नोंद पैसे दिल्याचे दाखवते, कोणता कपडा घेतला ते दाखवत नाही. म्हणून कपड्यावरील दुकानाचे लेबल, बारकोड व किमतीची चिठ्ठी यांची जोड लागते. मोबाइल क्रमांक दिला असल्यास अनेक दुकानांत संगणकावरून जुने बिल पुन्हा काढता येते. तथापि, बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिली आहे. थर्मल कागदावरील छपाई उन्हात व उष्णतेत पुसट होऊन काही महिन्यांत कोरी पडते. तिचे खरेदीच्याच दिवशी छायाचित्र काढणे हा सोपा उपाय आहे.

जांगड

पावतीशिवाय कपडा नेणे व परत करणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. तिच्यासाठी मराठीत 'जांगड' हा जुना शब्द आहे. पसंत पडल्यास ठेवायचा, नाहीतर परत करायचा, या बोलीवर दुकानातून आणलेला माल म्हणजे जांगड, आणि असा माल ज्या वहीत टिपला जातो ती जांगड वही. मोलस्वर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे. जांगडीत पैसे दिलेले नसतात, त्यामुळे पावतीही नसते. दुकानदाराची वही हीच दोन्ही पक्षांची नोंद. आज हा शब्द कापड बाजारापेक्षा हिऱ्यांच्या व सोन्याच्या व्यापारात अधिक ऐकू येतो.

जांगडीला कायद्याचेही पाठबळ आहे. मालविक्री अधिनियमाच्या कलम २४ नुसार पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी ग्राहकाने पसंती कळवली, किंवा माल स्वीकारल्याचे दर्शवणारी कृती केली, म्हणजे त्याच्याकडे जाते. ठरलेली मुदत, आणि ती ठरली नसल्यास वाजवी काळ, काही न कळवता लोटल्यासही तसेच होते. चार साड्या घरी नेऊन तीन परत करणाऱ्याने चौथीला फॉल-पिको करून घेतला, तर ती त्याने घेतली असे समजले जाईल. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३१(७) मध्येही पसंतीवर पाठवलेल्या मालासाठी वेगळी तरतूद आहे. त्याचे बिल विक्री पक्की होताना किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करावे लागते.

लग्नाच्या बस्त्यात जांगडीचा अंश टिकून आहे. बस्ता म्हणजे लग्नासाठी नवरानवरीचे व मानपानाचे सर्व कपडे एकाच दुकानातून एकदम घेणे. मानपानाच्या साड्या व टॉवेल-टोप्या किती लागतील याचा अंदाज आधी नेमका येत नाही, म्हणून थोड्या जास्त घेऊन उरलेल्या परत करण्याची बोली करतात. ही बोली तोंडी असते, आणि तंटा उद्भवतो तो येथेच. परतीची मुदत, रोख मिळणार की बदली कपडा, व घाऊक सवलतीत दिलेल्या साडीचा परतीचा भाव कोणता, हे मुद्दे बस्ता बांधतानाच बिलावर लिहून घेतले तर वाद सहसा होत नाही.

रिवाजाची मर्यादा 'घडी' या शब्दात सामावलेली आहे. घडी मोडणे म्हणजे वस्त्र पहिल्यांदा नेसणे किंवा घालणे. घडी मोडलेली साडी परत घेतली जात नाही. ताग्यातून फाडून दिलेले कापड, अंतर्वस्त्रे व मापाने शिवलेले कपडेही नापसंतीच्या कारणाने परत होत नाहीत.

आहेरातील कपडे

पावती नसलेल्या कपड्यांचा मोठा वाटा आहेराचा असतो. घेणाऱ्याला दुकान माहीत नसते, किंमत माहीत नसते, आणि देणाऱ्याकडे पावती मागणे अप्रशस्त मानले जाते. पिशवीवरचे किंवा खोक्यावरचे दुकानाचे नाव एवढाच धागा हाती असतो. कायद्याने अशा व्यक्तीला वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम २(७) मधील 'ग्राहक' या व्याख्येत विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो, म्हणून आहेरातील सदोष साडीबद्दल ती मिळालेली व्यक्ती स्वतः तक्रार करू शकते. नापसंत आहेर मात्र बहुधा दुकानात परत जात नाही. तो कपाटात राहून पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिला जातो. अशा साड्यांना 'देण्याघेण्याच्या साड्या' असे नावच आहे. वापरून जुना झालेला कपडा जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीकडे जातो.

दुकानदाराची बाजू

पावती मागण्यामागे दुकानदाराची कारणे असतात. कपडा आपल्याच दुकानाचा आहे की शेजारच्या, पूर्ण किमतीला गेला की सवलतीच्या सेलमध्ये, आणि तो चोरीचा तर नाही, हे त्याला पावतीवरून कळते. करनोंदणीकृत दुकानदाराला परत आलेल्या मालाचा कर कमी करून घ्यायचा असल्यास मूळ विक्रीशी जोडलेली क्रेडिट नोट काढावी लागते; मूळ बिल सापडले नाही तर कराचा भार त्याच्यावरच राहू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तयार कपड्यांचे करदर बदलले. २२ सप्टेंबरपासून नगास २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १८ टक्के कर आहे. त्यापूर्वी ही सीमा १,००० रुपये व वरचा दर १२ टक्के होता. त्यामुळे अशा बदलाच्या आधी घेतलेला कपडा बदलानंतर परत आल्यास खरेदीचा दिनांक कळणे दुकानदाराला आवश्यक ठरते.

पावती नसल्यास रोख रकमेऐवजी त्याच किमतीचा कपडा किंवा क्रेडिट नोट देण्याकडे दुकानांचा कल असतो. नापसंत कपड्याबाबत ही तडजोड वाजवी आहे. सदोष कपड्याबाबत मात्र ग्राहकाला ती नाकारून किंमत मागता येते.

कर्जत व खालापूर

कर्जत तालुक्यात कर्जत व नेरळ, तर खालापूर तालुक्यात खोपोली ही खरेदीची प्रमुख ठिकाणे आहेत. कर्जत मुंबई-पुणे लोहमार्गावर असून तेथून खोपोलीला शाखा जाते. दोन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या उपनगरी सेवेत येतात. याच सेवेने कल्याण व उल्हासनगर येथील कापड बाजार गाठता येतो. खोपोलीहून घाट चढून गेल्यास लोणावळा लागते, ते पुणे जिल्ह्यात आहे. म्हणजे येथील ग्राहकाची खरेदी सहज तीन जिल्ह्यांत विखुरते, आणि सदोष कपड्यासाठी पुन्हा कल्याणला जायचे तर दिवस मोडतो.

या परिस्थितीत २०१९ च्या अधिनियमातील कलम ३४ चा उपयोग होतो. पूर्वी तक्रार मुख्यतः विक्रेता जेथे राहतो वा व्यवसाय करतो, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले, त्या जिल्ह्यात करावी लागे. आता तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. उल्हासनगरात घेतलेल्या कपड्याबद्दल कर्जतचा रहिवासी रायगड जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. हा आयोग अलिबागला आहे आणि तेथे प्रवासी रेल्वे जात नाही, म्हणून ऑनलाइन दाखल करण्याची सोय येथे विशेष महत्त्वाची ठरते. त्यासाठी २०२० मध्ये ई-दाखिल हे संकेतस्थळ सुरू झाले. २०२५ पासून ई-जागृती ही एकत्रित प्रणाली वापरात आहे. सुनावणीस दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची परवानगीही अर्ज करून मागता येते.

तक्रारीची रीत

प्रथम दुकानदाराला लेखी कळवणे इष्ट असते. व्हॉट्सॲपवर कपड्याचे व दोषाचे छायाचित्र पाठवून ठेवले तरी दिनांकाची नोंद राहते. कपडा धुऊन, दुरुस्त करून किंवा वापरत राहून दोषाचा पुरावा घालवू नये. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथून विक्रेत्याशी संपर्क साधला जातो, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही.

जिल्हा आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही व वकिलाची सक्ती नाही. पावती नसलेल्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, तक्रारीची सुनावणी प्रतिज्ञापत्र व कागदपत्रे यांच्या आधारे होते. कोठे, कधी, किती पैसे देऊन कपडा घेतला व पावती का नाही, हे तक्रारदाराने शपथेवर सांगितले आणि त्याला बँकेच्या नोंदीची व लेबलाची जोड दिली, तर त्याचे म्हणणे केवळ पावतीअभावी फेटाळण्याचे कारण उरत नाही. दोष डोळ्यांनी ठरवता येत नसल्यास आयोग कपडा प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास कपडा बदलून देणे, किंमत परत करणे व भरपाई देणे असे आदेश देता येतात.

ऑनलाइन खरेदीत पावती हरवण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, कारण मागणीची नोंदच पुरावा असते. ई-व्यापारासाठीच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष, बनावट, जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला किंवा कबूल वेळेनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. केवळ नापसंतीसाठी परत करण्याचा सार्वत्रिक हक्क मात्र येथेही नाही; ती मुदत प्रत्येक संकेतस्थळ स्वतः ठरवते. ब्रिटनमध्ये तो हक्क दूरस्थ खरेदीला १४ दिवसांपर्यंत आहे. प्रत्यक्ष दुकानातील खरेदीबाबत तेथेही भारतासारखीच स्थिती असून सदोष माल ३० दिवसांत नाकारता येतो, आणि खरेदीचा पुरावा म्हणून बँकेचे विवरणपत्र चालते.