अंथरुणातून अंगणाकडे : कंबरदुखीच्या उपचारांचा इतिहास

“वय झाले, आता कंबर दुखायचीच, जरा पडून राहा.” घरातल्या वृद्ध स्त्रीला आपण हा सल्ला किती सहज देतो! त्यात माया असते हे खरे; पण या सल्ल्यालाही इतिहास आहे, आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे.

लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली. १८६३ साली त्यांचा ग्रंथ झाला. दुखावलेल्या अवयवाला विसावा हेच निसर्गाचे औषध, हा त्यांचा विचार. अशा विचारांचा पगडा वाढत गेला आणि दुखऱ्या कमरेलाही अंथरूण हाच उपचार होऊन बसला.

दुसरा प्रवाह हातांचा आणि हालचालीचा. स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली व्यायामसंस्था स्थापिली; तिच्या परंपरेत मर्दन व व्यायाम एकत्र नांदले. पुढे लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली गैरप्रकार चालत असल्याचा बोभाटा झाला. तेव्हा १८९४ साली ल्युसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, नियम घातले, परीक्षा सुरू केल्या. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली. बदनाम झालेल्या कलेला स्त्रियांनीच शास्त्राची प्रतिष्ठा दिली.

अंथरुणाची सत्ता मात्र सहजी ढळली नाही. १९४७ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी पडून राहण्याचे धोके निर्भीडपणे मांडले. १९९५ साली हेलसिंकी येथील १८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत दोन दिवस निजून राहिलेल्यांपेक्षा, झेपेल तितके नित्याचे व्यवहार करणारे लवकर सावरले. आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी, वृद्धांनाही धरून, व्यायाम, मर्दन व मणक्यावरील हस्तोपचार सुचविले. कमरपट्टा व ताण यांची मात्र शिफारस केली नाही.

याचा अर्थ कोणीही आजींची पाठ दाबावी असा नव्हे. उतारवयात स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. पडल्यानंतर किंवा एकाएकी कळ उठली, पाय लुळे वाटू लागले, तर आधी डॉक्टर गाठावा. परंतु असे काही नसेल, तर निजून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, आणि दुबळी कंबर पुन्हा अंथरूण शोधते.

म्हणून “पडून राहा” म्हणण्याऐवजी आपण हात पुढे करावा आणि म्हणावे, “चला आजी, अंगणापर्यंत जाऊन येऊ.”