देव म्हणजे काल्पनिक मित्र? एक तुलना तपासताना

‘देव म्हणजे मोठ्या माणसांचा काल्पनिक मित्र’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पटो न पटो, संशोधक म्हणून त्याच्याकडे एक तुलना म्हणून बघा. ती काय दाखवते आणि काय झाकते?

जनाबाईंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल दळायला हात लावतो, केर भरतो. इथे तुलना उपयोगी पडते, कारण ‘मित्र आहे का?’ याऐवजी ‘मित्र करतो काय?’ असा प्रश्न सुचतो. तो करतो ती कामं परक्या घरी राबणाऱ्या दासीची आहेत. भक्तीच्या साधनातून तुम्ही थेट श्रमाच्या इतिहासात पोचता. फक्त हे अभंग म्हणजे जनाबाईंची रोजनिशी समजू नका. ते कीर्तनातून, गाणाऱ्यांच्या तोंडून, वह्यांमधून आपल्यापर्यंत आलेत. त्यात पुढच्या पिढ्यांचाही आवाज मिसळलेला असू शकतो.

आता तुलना कुठे अडते ते पाहू. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी 1999 च्या पुस्तकात मांडलंय, की असा मित्र असलेल्या बहुतेक मुलांना तो खोटा-खोटा आहे हे ठाऊक असतं. शिवाय तो त्या मुलाचा एकट्याचा असतो. विठ्ठल तसा नाही. त्याला देऊळ आहे, बडवे-पुजारी होते, वारी आहे. आणि दार आहे! चोखामेळा त्या दाराबाहेरच राहिले. दलितांसाठी ते उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. मनातल्या मित्राला भेटायला कुणाची परवानगी लागत नाही. विठ्ठलाला भेटायला लागत होती. कायद्याचंही बघा: 1925 च्या मलिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं. काल्पनिक मित्राच्या वतीने कुणी कोर्टात जात नाही.

म्हणजे जनाबाईंचा विठ्ठल या तुलनेत बराचसा बसतो, चोखोबांचा बसत नाही. फक्त तुलनेवर विसंबलात तर जातीचा सगळा इतिहास हातातून निसटतो, आणि ‘हे सगळं मनातलंच’ म्हणून तो निसटल्याचं कळतही नाही.

सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा: तुमच्या आवडत्या तुलनेखाली दोन रकाने आखा, ‘बसतं’ आणि ‘बसत नाही’. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर साधनं पुन्हा वाचायला घ्या. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा त्याच रकान्यातून येईल.